थोराड कुत्र्याचे स्नान आणि गोचिडांचा बंदोबस्त

म्हैस कशी धुवावी, हे कल्याण, भिवंडी किंवा मुरबाड तालुक्यातील गोपालकास कोणी शिकवावयास नको. म्हशीच्या अंगावर केस विरळ असतात, कातडी काळी व जाड असते आणि घामाच्या ग्रंथी थोड्या असतात. त्यामुळे उन्हाळ्यात तिला पाण्याची गरज फार. दिवसातून दोनदा अंगावर पाणी मारले की ती शांत होते आणि त्याचा परिणाम दुधातही दिसून येतो. परंतु हीच रीत राखणीच्या थोराड कुत्र्यास लावली म्हणजे मात्र घोटाळा होतो. कुत्र्याच्या अंगावर केसांचा दाट थर असतो, त्याची कातडी माणसाच्या कातडीहूनही पातळ असते, आणि अंगावर ओतलेली वस्तू जिभेने चाटून पोटात घेण्याची त्याची सवय कोणाच्याही हातून सुटलेली नाही. म्हणून जनावर मोठे असले तरी त्याचे स्नान हे म्हशीच्या धुण्याहून अगदी निराळे काम आहे.

हा विषय शेतीविषयक पत्रिकेत कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या शहरांच्या भोवतालच्या गावांत फिरणाऱ्या कार्यकर्त्यास त्याचे कारण सांगण्याची गरज नाही. मुरबाड, शहापूर, बदलापूर ह्या बाजूंना आंब्या-चिकूच्या बागा, कोंबड्यांच्या शेडी आणि शहरवासीयांची शेतघरे आता जागोजागी आहेत. तेथे राखणीसाठी जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड किंवा त्यांच्या संकरातून झालेली कुत्री पाळली जातात. पुष्कळदा हे कुत्रे आधी शहरातील सदनिकेत लहानाचे मोठे होते. पुढे ते दिवाणखान्यात मावेनासे झाले की गावाकडे पाठविले जाते, आणि त्याचा सांभाळ अशा गड्याकडे येतो, ज्याने जन्मभर बैल आणि शेळ्या सांभाळल्या आहेत. जर्मन शेफर्डचे वजन सामान्यतः ३० ते ४० किलो भरते. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड ६०-७० किलोंपर्यंत सहज जाते. एवढे जनावर चुकीच्या रीतीने हाताळले गेले तर अपाय जनावरास होतो तसाच माणसासही होतो.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली एक हकीकत येथे सांगणे अवश्य वाटते. मुरबाड रस्त्यालगतच्या एका बागेत सेंट बर्नार्डच्या संकराचे, पन्नास किलोंच्या वरचे एक कुत्रे होते. मे महिन्यात त्याच्या कानांत, मानेवर आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे थर बसले होते. बागेचा राखणदार हा माणूस मोठा कष्टाळू. त्याने भर दुपारी कुत्रे आंब्याच्या बुंध्याशी आखूड साखळीने बांधले, हापशावर त्यास आंघोळ घातली आणि गोठ्यात बैलांसाठी ठेवलेले गोचीडनाशक औषध बादलीत अंदाजाने मिसळून ओल्या अंगावर ओतले. कुत्र्याने नेहमीप्रमाणे अंग चाटले. दोन तासांत ते झिंगल्यासारखे डुलू लागले, त्यास वांती झाली, आणि संध्याकाळपर्यंत ते पडून राहिले. तालुक्याच्या पशुवैद्यांनी तपासले तेव्हा त्याचे अंग थंड लागत होते आणि नाडी मंद झाली होती. चार दिवसांच्या उपचारांनंतर ते बचावले. राखणदार म्हणाला, "साहेब, बैलांना हेच औषध वर्षानुवर्षे चालते, मग ह्यालाच का चालू नये?" त्याचा प्रश्न रास्त होता. पुढील विवेचन मुख्यतः त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. परंतु त्याआधी साध्या स्नानाचा विचार करू.

स्नान किती वेळा घालावे

ज्या घरी कुत्र्याचे लाड फार होतात, तेथे दर रविवारी त्यास न्हाऊ घालण्याची प्रथा असते. ती सोडावी. कुत्र्याच्या कातडीतून एक प्रकारचे तेल पाझरते. त्यामुळे केसांस चकाकी राहते आणि कातडी भेगाळत नाही. वारंवार साबण लावल्याने हे तेल धुऊन जाते, कातडी कोरडी पडते, कुत्रे खाजवू लागते, आणि खाजवण्याचे कारण अस्वच्छता आहे असे समजून मालक त्यास आणखी न्हाऊ घालतो. आखूड केसांच्या निरोगी कुत्र्यास दीड-दोन महिन्यांतून एकदा, आणि लांब केसांच्या कुत्र्यास महिन्यातून एकदा स्नान पुरते. अंग चिखलाने किंवा शेणाने माखले असेल तर गोष्ट निराळी. एरवी रोजचा ब्रश हीच त्याची खरी स्वच्छता होय. आपल्या महाराष्ट्रातील कारवान जातीचे शिकारी कुत्रे उंच असूनही अंगाने सडपातळ व आखूड केसांचे असते. त्यास न्हाणे म्हणजे दहा मिनिटांचे काम. आल्प्स पर्वतातील बर्फासाठी पैदा केलेले सेंट बर्नार्ड कल्याणच्या हवेत आणले, म्हणजे त्याचा केसांचा दुहेरी थर सांभाळण्याचे कष्टही आपण विकत घेतो. अशी जात येथे पाळावीच काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मते विचार करण्याजोगा आहे; परंतु जे कुत्रे दारात आले आहे, त्याची निगा तर राखलीच पाहिजे.

साबणाविषयी दोन शब्द. कपड्यांची वडी, धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण कुत्र्यास कदापि लावू नये. माणसांचा अंगाचा साबणही त्याच्या कातडीस मानवत नाही, कारण माणसाच्या कातडीचा गुण किंचित आम्ल असतो, तर कुत्र्याची कातडी त्यामानाने उदासीन असते. कुत्र्यांसाठी तयार होणारा सौम्य शांपू तालुक्याच्या औषधी दुकानात मिळतो; तोच वापरावा. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी अंगावरून शेवटी ओतण्यास हरकत नाही. मात्र त्याने गोचीड मरतो अशी जी समजूत आहे, तिच्यावर विसंबून राहू नये. रिठा डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो. लूत लागलेल्या कुत्र्यास मोटारीचे जळके तेल, रॉकेल किंवा फिनाइल चोपडण्याची चाल गावोगाव आढळते. ही तिन्ही द्रव्ये विषारी आहेत. तेलाने लूत लागलेल्या जागी कातडी भाजते, आणि चाटण्यातून ते पोटात जाऊन यकृत व मूत्रपिंडे बिघडवते. लुतीवर आता खात्रीचे उपाय आहेत व ते पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतात.

पाण्याचा हिशेब

शहापूर तालुक्यात १८९२ साली पूर्ण झालेले तानसाचे धरण आहे, भातसाचे धरण आहे. मुंबई ह्या पाण्यावर जगते. तरीही त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोंबिवलीच्या आसपासच्या गावांतही एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढाताण असते. अशा मुलखात नळी मोकळी सोडून कुत्रे धुणे शोभत नाही. साध्या नळाला मिनिटास दहा लिटर पाणी येते असे धरले, तरी अर्ध्या तासात तीनशे लिटर पाणी वाहून जाते. जलजीवन मिशनच्या मानकाप्रमाणे ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावयास पाहिजे. म्हणजे कुत्र्याच्या एका स्नानात पाच माणसांच्या दिवसाभराच्या पाण्याहून अधिक पाणी गेले. आणि हे पाणी डोक्यावरून वाहून आणण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीकडे असते, हेही विसरू नये.

मोठ्यातले मोठे कुत्रे पंधरा लिटरच्या तीन बादल्यांत स्वच्छ होते, असा आमचा अनुभव आहे. त्यासाठी युक्ती एवढीच की, केस कोरडे असतानाच ते पूर्णपणे विंचरून घ्यावेत. गळणारे केस आणि धूळ ब्रशाने निघून गेली की पाण्याला निम्मेच काम उरते. केसांच्या गुठळ्या झाल्या असतील तर त्या आधीच सोडवाव्यात. ओल्या झाल्यावर त्या घट्ट आवळतात आणि मग कात्रीवाचून निघत नाहीत. दुसरी युक्ती शांपूची. तो बाटलीतून सरळ अंगावर ओतला तर एका जागी गोळा होतो आणि धुऊन काढण्यास पाणी फार लागते. त्याऐवजी लहानसा चंबू भरून कोमट पाणी घ्यावे, त्यात शांपू कालवावा आणि ते पातळ मिश्रण तांब्याने अंगावर पसरावे. ते केसांच्या मुळांपर्यंत सहज पोहोचते. धुतलेले पाणी आपल्या कोकणच्या रीतीप्रमाणे केळीच्या किंवा अळूच्या आळ्यात जाऊ द्यावे. मात्र औषध मिसळलेले पाणी तेथे जाऊ देऊ नये. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

प्रत्यक्ष स्नान

वेळ सकाळची, नऊच्या सुमाराची घ्यावी. एप्रिल-मे मध्ये मुरबाड-बदलापूरकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा दुपारी हे काम मुळीच करू नये. कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाने घाम येत नाही. ते धापा टाकून, जिभेवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकते. त्यात ते घाबरलेले असले, धडपडत असले आणि तोंड बांधलेले असले तर त्यास उष्माघात होण्यास वेळ लागत नाही. म्हणून तोंड फडक्याने करकचून बांधण्याची पद्धत वाईट. चावण्याची खोड असेल तर ज्यातून तोंड उघडून धापा टाकता येतील असे जाळीचे मुसके वापरावे. स्नानापूर्वी कुत्र्यास फिरवून आणावे. तेवढ्यात त्याचे मलमूत्र विसर्जनही होते. जेवण झाल्यावर लगेच न्हाऊ घालू नये. खोल छातीच्या थोराड कुत्र्यांमध्ये पोट फुगून जठरास पीळ पडण्याचा एक घातक विकार आढळतो, आणि भरल्या पोटी धडपड होऊ न देणे हे केव्हाही बरे.

जागा अंगणातील किंवा न्हाणीच्या बाहेरची असावी. गुळगुळीत फरशीवर साठ किलोंचे कुत्रे घसरले की त्याच्या मागच्या पायांचे सांधे दुखावतात. आणि एकदा घसरलेले कुत्रे पुन्हा त्या जागी येत नाही, मग त्यास ओढून आणण्यात घरच्या माणसाची कंबर जाते. खाली जुने गोणपाट ओले करून अंथरले की हा प्रश्न मिटतो. शहरातील घरात हे काम मोरीत करावे लागले तरी गोणपाट हवेच. थोराड कुत्र्यास उचलून टबात घालण्याच्या भानगडीत पडू नये. काम दोन माणसांनी करावे. एकाने डोक्यापाशी बसावयाचे, पट्टा हातात धरावयाचा आणि कुत्र्याशी बोलत राहावयाचे. हा माणूस त्याच्या रोजच्या ओळखीचा असावा, त्यास जेवू घालणारा असल्यास उत्तम. दुसऱ्याने पाणी व साबण पाहावा. साखळीने झाडास बांधून ठेवले की कुत्रे गरगर फिरून स्वतःस गुंडाळून घेते. येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. कुत्र्यास अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. ही गोष्ट बागवाल्यांस क्वचितच ठाऊक असते.

सुरुवात मानेपासून करावी. मानेभोवती फेसाचे एक कडे केले म्हणजे पिसवा पाण्याच्या भीतीने कानांकडे व तोंडाकडे पळत नाहीत. मग पाठ, छाती, पोट, पाय व शेपटी असा क्रम घ्यावा. बोटांच्या बेचक्या, काखा आणि शेपटीखालची जागा बोटांनी चोळावी. डोके शेवटी घ्यावे, आणि तेही तांब्याने पाणी ओतून नव्हे, तर ओल्या फडक्याने पुसून. डोक्यावर पाणी पडताच कुत्रे अंग झटकते आणि मग कामाचा विचका होतो. कानांत पाणी जाऊ नये म्हणून कापसाचे बोळे हलके बसवावेत, आणि काम संपताच आठवणीने काढावेत. लोंबत्या कानांत राहिलेले पाणी हे कान सडण्याचे नेहमीचे कारण आहे.

धुऊन काढण्याचे काम साबण लावण्याच्या दुप्पट वेळ घेते, ते घेऊ द्यावे. केस हाताला बुळबुळीत लागेनासे होईपर्यंत आणि खालचे पाणी निवळशंख येईपर्यंत साबण अंगात शिल्लक आहे असे समजावे. शिल्लक राहिलेल्या साबणाने पोटावर व काखेत पुरळ उठते. नंतर हाताने केस निपटून, जुन्या धोतराने किंवा पंचाने अंग टिपून काढावे. खसाखसा चोळल्यास लांब केसांची गुंतागुंत होते. वारा खेळत असलेल्या सावलीत त्यास हिंडवावे. मोकळे सोडले की ते पहिल्या मातीच्या ढिगात लोळेल. दाट केसांच्या मुळाशी ओल राहिली तर दमट हवेत एका रात्रीतही तेथे लालभडक, ओलसर चट्टा उठू शकतो. कुत्रे तो चाटून चाटून मोठा करते. म्हणून वरून कोरडे दिसले तरी केस उलटे फिरवून कातडीस बोट लावून पाहावे.

एवढे सगळे कष्ट केवळ स्वच्छतेसाठी आहेत असे नव्हे. ओल्या अंगावर हात फिरताना कुत्र्याची जशी तपासणी होते, तशी एरवी होत नाही. दाट केसांखाली दडलेली गाठ, मादीच्या आचळांतील टणकपणा, कडक जमिनीवर बसून कोपरांवर आलेले घट्टे, वाकून मांसात शिरू पाहणारे नख, ही सर्व त्या वेळी हाताला लागतात. हिरड्याही पाहाव्यात. त्या गुलाबी असाव्यात; पांढुरक्या दिसल्यास रक्त कमी झाले आहे, आणि आपल्या भागात त्याचे पहिले संशयित कारण गोचीड हेच होय.

गोचीड आणि औषधे

बैलाच्या अंगावरील नेहमीचा गोचीड आणि कुत्र्याच्या अंगावरील नेहमीचा तपकिरी गोचीड ह्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांची राहणीही वेगळी आहे. बैलाचा गोचीड पिल्लापासून प्रौढ होईपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर काढतो. कुत्र्याचा गोचीड मात्र प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरतो, भिंतीच्या भेगांत किंवा कौलांखालच्या वाशांत लपून कात टाकतो आणि पुन्हा कुत्रा शोधतो. रक्त पिऊन टरटरलेली एक मादी हजारो अंडी घालते, आणि उपाशी गोचीड महिनोन्‌महिने तग धरतो. ह्याचा अर्थ असा की, कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते गोचीड थोडे, आणि पडवीच्या भिंतीत आहेत ते पुष्कळ. तेव्हा कितीही वेळा न्हाऊ घातले तरी चार दिवसांत गोचीड पुन्हा का दिसतात, ह्याचे नवल करू नये.

बंदोबस्त जागेपासून सुरू करावा. कुत्र्याचे अंथरूण उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावे. तो जेथे निजतो तेथील भिंतीच्या भेगा मातीने किंवा सिमेंटने लिंपाव्यात आणि वर चुन्याचा हात द्यावा. भेगा बुजल्या की गोचिडांस अंडी घालण्यास जागा राहत नाही. भोवतालचे गवत कापावे. हे काम दोन-तीन महिने नेटाने चालू ठेवावे लागते. एका रविवारात ते संपत नाही.

अंगावरचे गोचीड चिमट्याने, कातडीच्या अगदी लगत धरून, सरळ ओढून काढावेत. काडी ओढून चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे टाळावे. चिरडलेल्या गोचिडातील रोगजंतू माणसाच्या बोटावरील जखमेतून शिरू शकतात. काढलेले गोचीड साबणाच्या पाण्याच्या किंवा रॉकेलच्या डबीत टाकावेत. जमिनीवर टाकले तर ते पुन्हा भिंत गाठतात.

आता राखणदाराच्या प्रश्नाकडे वळू. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारी पातळ औषधे फार तीव्र असतात आणि पाण्यात मोजून मिसळण्यासाठीच ती केलेली असतात. ॲमिट्राझ नावाचे औषध गुरांसाठी वापरतात आणि योग्य प्रमाणात ते कुत्र्यांसाठीही पशुवैद्य देतात. परंतु प्रमाण चुकले, किंवा कुत्र्याने ते चाटून पोटात घेतले, तर त्यास गुंगी येते, तोल जातो, वांती होते, नाडी मंद होते आणि अंग थंड पडते. आमच्या हकीकतीत नेमके हेच झाले होते. बैल आपले सर्व अंग चाटू शकत नाही, कुत्रा चाटतो; बैलाचे वजन तीन-चारशे किलो, कुत्र्याचे पन्नास; आणि त्या बाटलीवरील चिठ्ठी फाटून गेलेली, म्हणून प्रमाण वाचण्याची सोयच नव्हती. राखणदाराकडे दोष जातो तो एवढाच. खरा दोष, चिठ्ठी नसलेली बाटली गोठ्याच्या कोनाड्यात वर्षभर पडू देणाऱ्या सर्वांचा आहे.

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही दुसऱ्या जातीची औषधे. घरात मांजर असेल तर ह्यांबाबत विशेष जपावे. कुत्र्यास सोसणारी मात्रा मांजरास प्राणघातक ठरू शकते, आणि औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून निजणे मांजरास पुरते. मासे तर ह्या औषधांच्या अंशमात्रानेही मरतात. म्हणून औषध मिसळलेले पाणी ओढ्यात, तळ्यात, विहिरीजवळ किंवा उल्हास, काळू ह्या नद्यांच्या काठी ओतू नये. घरापासून व पाण्यापासून दूर, कोरड्या जमिनीत खड्डा करून त्यात जिरवावे. मोकळा डबा पाणी पिण्यासाठी वापरणे ही तर आत्महत्याच होय.

अलीकडे गोचिडांवर तोंडाने द्यावयाच्या गोळ्या मिळतात. जातीप्रमाणे त्यांचा परिणाम एक ते तीन महिने टिकतो. अंगावर काही ओतावयाचे नसल्याने चाटण्याचा धोका राहत नाही. थोराड कुत्र्यासाठी त्या महाग पडतात हे खरे, आणि ज्यास फिट येतात अशा कुत्र्याविषयी पशुवैद्यास आधी सांगावे लागते. औषध कोणतेही असो, मात्रा वजनावर ठरते. आणि साठ किलोंचे कुत्रे उचलून काट्यावर ठेवणे कोणासही जमत नाही. ह्यावर सोपा उपाय म्हणजे भाताच्या व्यापाऱ्याकडील जमिनीलगतचा सपाट काटा. गोणी जशी त्यावर ठेवतात, तसे कुत्र्यास त्यावर उभे करावे. वजन कागदावर लिहून तो कागद औषधाच्या डब्यात ठेवावा. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन गुरांना सर्रास दिले जाते. तेही कुत्र्यास आपल्या मनाने टोचू नये. कोली आणि तिच्या नात्यातील मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांत ते मेंदूत शिरून प्राण घेऊ शकते, आणि संकराच्या कुत्र्यात कोणत्या जातीचा अंश आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

औषध अंगावर पडून कुत्रे झिंगू लागले तर क्षणाचाही विलंब न लावता सौम्य साबण व भरपूर पाणी घेऊन ते धुऊन काढावे (पाण्याच्या काटकसरीचा नियम ह्या एका प्रसंगी बाजूला ठेवावा), हातांत रबरी मोजे घालावेत, कुत्र्यास कोरडे करून उबदार ठेवावे आणि बाटलीसह दवाखान्यात न्यावे. कोणते औषध व किती, हे कळल्यावाचून पशुवैद्यांस उपचार करणे कठीण जाते.

गोचिडांमुळे होणारा ताप हा निराळाच शत्रू. गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरणारे एर्लिकिया व बबेशिया हे जंतू कुत्र्यास ताप आणतात, भूक घालवतात, हिरड्या पांढुरक्या करतात. कधी नाकातून रक्तही येते. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, माणसापेक्षा अधिक. म्हणून हाताला गरम लागले तरी तो ताप असेलच असे नाही, थर्मामीटरनेच ठरवावे. दोन दिवस अन्न न घेणाऱ्या, गोचीड असलेल्या कुत्र्याचे रक्त तपासून घ्यावे. रोग वेळीच ओळखला तर बहुतेक कुत्री बरी होतात.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर ह्या काळात आपल्याकडे धो धो पाऊस असतो, आणि कुत्र्याचे अंग मुळातच कोरडे राहत नाही. ह्या दिवसांत स्नान अगदी कमी करावे. बाहेरून आल्यावर पाय व पोट स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे, बोटांच्या बेचक्या विशेष पाहाव्यात. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात त्यास जाऊ देऊ नये. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ उसळली होती, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली, तेव्हा आसपासची शेते व वाड्याही पाण्याखाली गेल्या होत्या. अशा पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. त्यातील जंतू कुत्र्यास आजारी पाडतात, आणि आजारी किंवा वरवर निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याच्या लघवीतून ते माणसापर्यंत पोहोचतात. पावसाळ्यात कुत्रे धुणाऱ्या माणसाच्या हातापायांवर जखम असेल तर त्याने रबरी मोजे व बूट वापरावेत. ह्या रोगाची लस कुत्र्यांसाठी मिळते. ती पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी.

पावसाळ्यातील दुसरे संकट म्हणजे जखमेत किडे पडणे. लहानशा ओरखड्यावर माशी अंडी घालते, आणि लांब केसांच्या आड चार-पाच दिवसांत जखम आतून पोखरली जाते. अंगास विचित्र घाण वास येणे, कुत्र्याने एकच जागा सतत चाटणे, केस एका ठिकाणी चिकट होणे, ह्या खुणा दिसताच केस बाजूला सारून पाहावे. मालक बहुधा वास येतो म्हणून न्हाऊ घालतो. तसे करू नये. पाण्याने किडे आणखी खोल जातात. जखमेत फिनाइल ओतणे तर त्याहून वाईट. जखमेभोवतालचे केस कापून कुत्र्यास सरळ दवाखान्यात न्यावे.

एवढी काळजी घेऊनही न्हाऊ घालताना कुत्रे चावले, तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची किंवा तेल त्यावर लावू नये आणि घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. घरचेच कुत्रे आहे म्हणून स्वस्थ बसू नये. कुत्र्यास रेबीजची लस दरवर्षी टोचलेली असली पाहिजे, आणि लसीचे कार्ड दाराच्या मागे खिळ्यास अडकवून ठेवावे, म्हणजे डॉक्टरांनी विचारताच ते दाखवता येते.

मुरबाड रस्त्यावरील त्या बागेत पडवीची भिंत आता लिंपलेली आहे. गेल्या माघात सकाळच्या वेळी त्या कुत्र्यास स्नान घातले, तेव्हा प्रस्तुत लेखक तेथे हजर होता. बादल्या तीन लागल्या, आणि उजव्या कानात एकच गोचीड मिळाला. राखणदाराने तो डबीत टाकला आणि डबीचे झाकण दोनदा तपासून पाहिले.